गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी पडला का?

प्रश्न: जय ख्रिस्त. आम्ही विक्रोळीला राहतो, मूळचे नगरकडचे, आजोबांपासून ख्रिस्ती. धाकट्या भावाला मागच्या वर्षी टीबी निघाला. महापालिकेच्या दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या, दोनेक महिन्यांत ताप गेला, वजन वाढलं. त्याच सुमारास तो एका फेलोशिपला जायला लागला. तिथल्या पास्टरांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि म्हणाले, तू बरा झालास, आता गोळी घेणं म्हणजे देवावर संशय घेणं. त्याने सगळ्यांसमोर साक्ष दिली आणि गोळ्या बंद केल्या. आता परत खोकला, रात्री घाम. पास्टर म्हणतात विश्वास डळमळला, नाहीतर घरात लपलेलं पाप आहे. अन्य भाषा, म्हणजे प्रार्थनेत आत्म्याने तोंडी येणारी अनोळखी भाषा, येत नाही म्हणून आत्म्याचा बाप्तिस्मापण (पवित्र आत्म्याने भरून जाणं) झालेला नाही म्हणे. आई रडते, माझंच काही चुकलं का विचारते. मी काही बोलले की भाऊ म्हणतो तू पवित्र आत्म्याविरुद्ध बोलतेस, त्याला क्षमा नाही. खरंच त्याचा विश्वास कमी आहे का?
— एक बहीण, विक्रोळी

उत्तर: जय ख्रिस्त ताई. आधी दवाखान्याचं सांगते कारण ते थांबणारं नाही. दोन महिन्यांत बरं वाटलं तो गोळ्यांचा गुण, पण तेवढ्यात सगळे जंतू मरत नाहीत म्हणून तर साध्या टीबीचा कोर्ससुद्धा सहा महिन्यांचा असतो, मध्येच सोडला की उरलेले जंतू परत वाढतात आणि कधीकधी त्याच गोळ्यांना दाद देईनासे होतात. मुंबईत असा टीबी किती आहे ते शिवडीच्या टीबी हॉस्पिटलात एकदा जाऊन आलेल्याला सांगावं लागत नाही. घरात उरलेल्या गोळ्या मनानेच सुरू करू नका. त्याला दवाखान्यात न्या, कधीपासून बंद केल्या ते खरं सांगा, औषध लागू पडतंय का त्याची तपासणी होईल. आईची आणि घरात लहान मुलं असतील तर त्यांचीही करून घ्या.

आता विश्वासाचं. यशयाच्या 53व्या अध्यायातलं वचन तुमच्या भावाला नक्की पाठ झालं असेल, ‘त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांला आरोग्य प्राप्त झाले’. मत्तय तो अध्याय आजार बरे करण्याशी जोडतो हे खरंय, पण पेत्र आपल्या पहिल्या पत्रात तेच फटके पापाशी जोडतो, आणि प्रत्येक विश्वासणाऱ्याचं प्रत्येक दुखणं आत्ताच्या आत्ता जाईल आणि नाही गेलं तर दोष त्याचा, असं दोघंही कुठे म्हणत नाहीत. पौलाने किती जणांना बरं केलं, तरी त्रफिमाला तो आजारीच मिलेतात सोडून गेला, तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलं, आणि त्याच्या सोबत जो लूक होता त्याला तो ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. स्वतःच्या शरीरातला काटा निघावा म्हणून पौलाने तीनदा विनंती केली, उत्तर आलं ‘माझी कृपा तुला पुरे आहे, कारण अशक्तपणातच माझी शक्ती पूर्णतेस येते’. त्याला कोणी म्हणालं नाही की तुझा विश्वास डळमळला.

मला सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा येतो. माणूस बरा झाला तर पास्टरांचा अभिषेक, नाही झाला तर आजाऱ्याचा अविश्वास. म्हणजे पास्टर कधी चुकूच शकत नाहीत आणि आधीच खोकून दमलेल्या पोराच्या डोक्यावर आणखी एक ओझं. मार्काच्या शुभवर्तमानात एका आजारी मुलाचा बाप प्रभूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका, इतका अर्धामुर्धा विश्वास, तरी प्रभूने मुलाला बरं केलं, बापाला आधी विश्वास वाढवून ये म्हणून परत पाठवलं नाही.

पण पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या दानांवर आणि अन्य भाषांवर भर देणाऱ्या, लोकांना सरसकट नावं ठेवणार नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसला अझुसा स्ट्रीटवर 1906 साली विल्यम सेमूर यांच्या सभांमधून ही चळवळ जगभर गेली असं सांगतात, पण त्याच्या आदल्याच वर्षी आपल्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली रात्र रात्र रडून प्रार्थना करत होत्या, आत्म्याने भरल्या होत्या. आणि रमाबाईंनी किंवा त्यांच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी अन्य भाषा हीच एकमेव खूण असं धरलं नाही. पौलपण करिंथकरांना विचारतो, सगळेच अन्य भाषा बोलतात काय? त्याला उत्तर ‘नाही’ असंच अपेक्षित आहे.

त्याच रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमाबाई 1921 मध्ये आईच्या हयातीतच गेली, पुढच्या वर्षी रमाबाई गेल्या. प्लेगात, दुष्काळात शेकडो मुली सांभाळणाऱ्या, ज्यांच्या प्रार्थनेची आपण अजून आठवण काढतो त्या बाईचा विश्वास मुलीसाठी कमी पडला असं म्हणायला कुणाची जीभ धजेल? तुमच्या आईला हे जरूर सांगा. योहानाच्या 9व्या अध्यायात शिष्य आंधळ्याकडे बघून पाप कुणाचं, याचं की आईबापाचं, असंच विचारतात आणि प्रभू म्हणतो यानेही नाही, आईबापांनीही नाही.

तोंडाने क्लेम करा आणि मिळालंच समजा, ही शिकवण बरीचशी अमेरिकेतल्या केनेथ हेगिन वगैरे प्रचारकांकडून आपल्याकडे आली. असेम्ब्लीज ऑफ गॉड ही स्वतः पेंटेकॉस्टल मंडळी, पण तिनेच 1980 साली या शिकवणीतल्या चुका दाखवणारं निवेदन काढलं, आणि गॉर्डन फी हे त्याच मंडळीतले बायबल अभ्यासक, त्यांनीही कडक टीका केली. तेव्हा पास्टरांना प्रश्न विचारला म्हणजे आत्म्याचा अपमान झाला असं होत नाही. क्षमा नसलेलं पाप म्हणून प्रभू बोलला ते यहुदी शास्त्र्यांना उद्देशून, जे त्याच्यातल्या आत्म्याला अशुद्ध आत्मा म्हणत होते. तुम्ही भावाच्या जिवासाठी विचारताय. ‘सर्व गोष्टींची पारख करा’ हे थेस्सलनीकाकरांना पौलानेच लिहिलंय ना.

भावाशी वाद घालू नका. त्याने पन्नास माणसांसमोर मी बरा झालो म्हणून साक्ष दिलीये, आता परत गोळ्या घेणं म्हणजे खोटं पडणं असं त्याला वाटत असणार, त्या लाजेतून त्याला बाहेर काढायला हवं. बरं वाटत होतं ते खरंच होतं, देवाचे आभार मानले ते योग्यच केलं, फक्त उपचार पूर्ण व्हायचे राहिले, एवढंच त्याला म्हणा. आणि एक विचारते, रागावू नका, तो आजारी होता तेव्हा आपल्या जुन्या मंडळीतलं कोण घरी आलं? फेलोशिपची माणसं आली, जमिनीवर बसली, त्याच्यासाठी रडली, म्हणून तो तिकडे गेला. आपल्या पाळकांनी आता तरी जावं, प्रवचन न देता तासभर त्याच्याजवळ बसावं.

पास्टरांना भेटाल तेव्हा एकट्या जाऊ नका, घरचं कुणी मोठं माणूस बरोबर घ्या आणि सरळ विचारा की गोळ्या बंद करायला सांगितलंत ते कागदावर लिहून सही करून द्याल का. नाही म्हणाले तर तेच भावाच्या समोर म्हणायला लावा.