मेडिकेडमधून नेमके कोण बाहेर पडते?

मेडिकेड म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा अमेरिकेतला सरकारी आरोग्यविमा. तो मिळण्यासाठी धडधाकट माणसाने महिन्याला ८० तास काम करावे एवढीच अट असेल, तर तिला ‘कपात’ का म्हणायचे, असे तुम्ही विचारले आहे. अट वरवर रास्त वाटते हे मला मान्य आहे. मात्र ती अमेरिकेतच एकदा राबवून झाली आहे, आणि तिथे काय घडले ते पाहिल्याशिवाय मत बनवू नये.

आर्कान्सा राज्याने जून २०१८ पासून ३० ते ४९ वयाच्या लाभार्थ्यांना ही अट लागू केली. केलेल्या तासांची नोंद सुरुवातीला फक्त संकेतस्थळावर करायची होती आणि ते संकेतस्थळ रोज रात्री ९ ते सकाळी ७ बंद असे. म्हणजे दिवसभर राबून आलेला माणूस जेवणखाण उरकून नोंद करायला बसेपर्यंत ते मिटलेले. वर्ष संपण्याआधी सुमारे १८,००० जणांचा विमा गेला. मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने ही अट थांबवली. पुढे झालेल्या अभ्यासात आढळले की, ज्यांच्यावर ती लादली होती त्यांतले ९५ टक्क्यांहून अधिक लोक एक तर पुरेसे काम करत होते किंवा सूट मिळण्यास पात्र होते. रोजगार मात्र वाढला नाही.

४ जुलै २०२५ रोजी ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्याने हीच अट, १९ ते ६४ वयोगटासाठी, मेडिकेडचा विस्तार (म्हणजे थोड्या जास्त उत्पन्नाच्या प्रौढांनाही ते देणे) स्वीकारलेल्या राज्यांना २०२७ च्या आरंभापर्यंत बंधनकारक केली आहे. शिवाय या गटाची पात्रता वर्षाऐवजी दर सहा महिन्यांनी तपासली जाईल. फारशी चर्चा न झालेले एक कलम मला सर्वांत निष्ठुर वाटते: या अटीमुळे मेडिकेड गमावलेल्याला ओबामाकेअरच्या बाजारात, म्हणजे सरकारी व्यवस्थेतून खासगी विमा विकत घेताना मिळणारी हप्त्याची सवलतही मिळणार नाही. त्या सवलतीतली वाढीव मदत टिकावी म्हणून २०२५ च्या शरदात ४३ दिवस सरकारी कामकाज ठप्प झाले, तरी वर्षअखेर ती संपलीच.

मी आमच्या गावच्या वाचनालयात लोकांना हे अर्ज भरायला मदत करतो. गेल्या वेळी किराणा दुकानात काम करणाऱ्या एक बाई आल्या होत्या. त्यांच्या पे स्टबवर, म्हणजे पगाराच्या पावतीवर, एका आठवड्याला २६ तास होते आणि पुढच्याला ११, कारण पाळ्या मालक ठरवतो. कष्टात त्या कुठेही कमी नव्हत्या. पण चार आठवड्यांची बेरीज ८० च्या खाली गेली, की कागदावर त्या ‘काम न करणाऱ्या’ ठरू शकतात. सरकारचा वाचणारा पैसा अशाच माणसांच्या वगळण्यातून येणार असेल, तर मी त्याला कपातच म्हणेन.

तुमच्या ओळखीत कोणी मेडिकेडवर असेल, तर त्यांना पे स्टब जपून ठेवायला आणि राज्याकडे नोंदवलेला पत्ता बरोबर आहे ना, हे आत्ताच तपासायला सांगा.