आधी बोट ठेवायला सांगा, मग चित्र दाखवा

तुमचा प्रश्न असा आहे: कॉलेजच्या सर्जरी विभागाला थोडा निधी मिळतोय, त्यातून ऑगमेंटेड रिॲलिटीचे (एआर, म्हणजे समोरच्या खऱ्या दृश्यावर संगणकाचं चित्र चढवून दाखवणारे) चार चष्मे घ्यावेत का, आणि एमबीबीएसच्या मुलांना त्यांच्यामुळे शस्त्रक्रिया लवकर शिकता येईल का. मी २५ वर्षं सर्जरी शिकवतोय, त्यातली शेवटची काही एआर वापरून. माझा अनुभव असा की एआरने नजर तयार होते, हात तयार होत नाही. आणि नजर तयार व्हायलासुद्धा ते कोणत्या क्रमाने वापरता, यावर सगळं अवलंबून आहे.

नजरेचं महत्त्व आधी सांगतो, कारण मुलांना वाटतं सर्जरी म्हणजे हातकाम. २००३ मध्ये अमेरिकन सर्जन लॉरेन्स वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढताना पित्तनलिकेला इजा झालेल्या २५२ केसेसचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ९७ टक्के केसेसमध्ये मूळ कारण दृष्टिभ्रम हे होतं. सर्जनचा हात घसरला नव्हता. त्याने यकृतातून आतड्याकडे पित्त नेणाऱ्या मुख्य पित्तनलिकेलाच पित्ताशयाची (कापायची) नलिका समजून, पूर्ण खात्रीने, नीटनेटकी क्लिप लावली होती. हे वाचल्यावर माझी शिकवण्याची पद्धत बदलली. विद्यार्थ्याला गाठ मारता येते की नाही हे मी पाहतोच, पण समोर काय आहे हे त्याला खरंच दिसतंय का, हे आधी पाहतो.

इथे एआर कामाचं आहे. सीटीचे काळे-पांढरे काप डोक्यात एकावर एक रचून त्यातून यकृत, किडनी, रक्तवाहिन्या उभ्या करणं आपल्याला वर्षानुवर्षांच्या सवयीने जमतं. तिसऱ्या वर्षाच्या मुलाला ते जमत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. तोच आकार टेबलावर उभा राहिला आणि त्याला भोवती फिरून पाहता आला, की उजवी रीनल आर्टरी (किडनीची धमनी) व्हिना कॅव्हाच्या, म्हणजे पोटातल्या मोठ्या शिरेच्या, मागून जाते म्हणजे काय, हे एका मिनिटात कळतं. अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने क्लीव्हलँड क्लिनिकच्या साथीने होलोलेन्स या मायक्रोसॉफ्टच्या एआर चष्म्यावर शरीररचना शिकवायला घेतली ती यासाठीच.

पण सुरुवातीला मी एक चूक केली, ती तुम्ही करू नका. मी सगळं रंगवून दाखवलं. नलिका हिरवी, धमनी लाल, यकृत तपकिरी. मुलं खूश झाली, मीही झालो. आठवड्याने त्याच मुलांना साधा व्हिडिओ मध्येच थांबवून विचारलं, यात पित्ताशयाची नलिका कुठली? बऱ्याच जणांना सांगता आलं नाही. रंग होते तोवर त्यांनी शोधलंच नव्हतं, फक्त वाचलं होतं.

तेव्हापासून क्रम उलटा केला. आधी रंगांशिवाय चित्र. प्रत्येकाने टॅबलेटवर बोटाने नलिकेची रेघ काढायची आणि तीच का, हे एका वाक्यात सांगायचं. मग मी खुणा केलेला थर वर चढवतो. स्वतःची रेघ आणि खरी नलिका यांच्यातलं अंतर ज्याने एकदा डोळ्यांनी पाहिलं, तो ते विसरत नाही. १९९५ मध्ये सर्जन स्ट्रासबर्ग यांनी मांडलेल्या ‘क्रिटिकल व्ह्यू’च्या, म्हणजे काहीही कापण्याआधी दिसायलाच हव्या अशा दृश्याच्या, तीन अटीही अशाच घोटून घेतो: यकृत आणि नलिका यांच्यामधल्या त्रिकोणातली चरबी आणि तंतू साफ झालेत का, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटलाय का, आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोनच गोष्टी दिसताहेत का. तिन्ही पटल्याशिवाय थर चढवायचा नाही.

आता चित्र शरीरावर चपखल बसवण्याबद्दल, कारण कंपन्यांच्या प्रात्यक्षिकात हा भाग फार सोपा वाटतो. सीटी काढताना रुग्ण उताणा, श्वास रोखून पडलेला असतो. ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) आपण पोटात गॅस भरतो, टेबल तिरकं करतो, यकृत वर उचलतो, आणि प्रत्येक श्वासाला सगळं खालीवर होतं. सीटीवरून बनवलेलं चित्र त्या हलत्या यकृतावर कसं बसेल? हाड हलत नाही, आकार बदलत नाही, म्हणून मणका, कवटी, सांधे यांत एआर पुढे गेलं. जून २०२० मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या सर्जननी असा चष्मा घालून एका रुग्णाच्या मणक्यात सहा स्क्रू बसवले. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये पायाच्या पुनर्रचनेत त्वचेखालच्या रक्तवाहिन्या होलोलेन्सने दाखवल्या, तिथेही डॉपलरने (रक्तप्रवाह टिपणाऱ्या सोनोग्राफीने) खात्री करून घेतली होती. मऊ अवयवांसाठी मला आयसीजी हे चमकणारं रंगद्रव्य जास्त भरवशाचं वाटतं. हे द्रव्य शिरेतून दिलं की यकृत ते पित्तात सोडतं आणि इन्फ्रारेडजवळच्या प्रकाशात नलिका स्वतःच चमकते. वरून काही बसवायचं नसल्याने सरकण्याचा प्रश्न नाही. तुमच्या लॅप्रोस्कोपी टॉवरवर (दुर्बिणीच्या कॅमेऱ्याच्या यंत्रसंचावर) ही सोय असेल तर मुलांना आधी तीच दाखवा.

चष्मा घालून टाके शिकवू नका. होलोलेन्सचा फोकस साधारण दोन मीटरवर ठरलेला आहे आणि आपले हात अर्ध्या मीटरवर चालतात. डोळ्याला एकाच वेळी दोन्ही स्पष्ट दिसत नाहीत. पिसा विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांना तो चष्मा घालून नुसते ठिपके जोडायला लावले, तर उघड्या डोळ्यांनी काम जास्त अचूक झालं. दुसरा धोका लक्ष वेधलं जाण्याचा. कॅनडात २०१३ च्या एका प्रयोगात, एंडोस्कोपीच्या पडद्यावर एआरची रेखाटनं असलेल्या सर्जनना समोर पडलेली परकी वस्तू जास्त वेळा दिसलीच नाही. सराईत सर्जनचं असं होतं, तर शिकाऊ मुलाचं काय होईल!

हाताचा सराव वेगळाच करावा लागतो आणि तो स्वस्तात होतो. सुश्रुतसंहितेत ‘योग्या’ म्हणजे सरावासाठी अख्खा अध्याय आहे. कापायला भोपळा-काकडी, शिवायला कापड आणि कातडं. आमच्याकडे प्लॅस्टिकचा डबा, वर फोनचा कॅमेरा आणि ओटीतून बाद झालेले ग्रास्पर (लांब दांड्याचे चिमटे) आहेत. मुलं त्यात वाटाणे उचलतात, हातमोज्याच्या रबराला गाठी मारतात. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या २००२ च्या चाचणीत व्हर्च्युअल रिॲलिटीवर (संगणकातल्या आभासी शस्त्रक्रियेवर) सराव केलेल्या रेसिडेंटनी, म्हणजे शिकाऊ निवासी डॉक्टरांनी, पित्ताशय यकृतापासून सोडवण्याचं काम २९ टक्के लवकर केलं, चुकाही खूप कमी केल्या. तो सराव साध्या मॉनिटरवरचा होता, हाताचा होता, आणि ठरलेली पातळी गाठेपर्यंत करून घेतलेला होता. हा शेवटचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आणखी एक गोष्ट. डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची देशातली पहिली शस्त्रक्रिया केली. ही पद्धत रुळल्यावर शिकवण्यात मोठा फरक पडला, तो पडद्याचा. त्याआधी असिस्ट करणाऱ्यालाही सर्जनच्या खांद्यावरून जेवढं दिसेल तेवढंच. आता ओटीतल्या सगळ्यांना एकच चित्र दिसतं आणि ‘सर, हे काय?’ असं विचारता येतं. चष्म्यातलं चित्र मात्र घालणाऱ्यालाच दिसतं. म्हणून चष्मा घेतलात तरी त्यातलं दृश्य भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर आलंच पाहिजे, नाहीतर मुलाला नेमकं काय दिसतंय हे शिक्षकाला कळणारच नाही.

निधीचं म्हणाल तर चार चष्मे घेऊ नका. होलोलेन्स २ बाजारात आला तेव्हा ३५०० डॉलरचा होता. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये त्याचं उत्पादन थांबवलं आणि सुरक्षा अपडेट २०२७ अखेरपर्यंतच आहेत. कोणी तो स्वस्तात देऊ केला तर हे आठवा. दोन चांगले टॅबलेट, एक मोठी स्क्रीन आणि दहा सराव-डबे घ्या. उरलेल्या पैशांतून एका रेसिडेंटला आठवड्यातून एक दुपार मोकळी करून द्या, कारण खरा खर्च सीटीवरून अवयवांचं मॉडेल तयार करण्याच्या वेळेचा असतो. थ्रीडी स्लायसर हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यात सीटीतले अवयव वेगळे काढता येतात. रुग्णाचं नाव आणि नोंदणी क्रमांक फाइलमधून आधी काढा, रेडिओलॉजीच्या सहकाऱ्याला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. सुरुवात पित्ताशयापासून करू नका. साध्या सीटीत पित्तनलिका नीट दिसत नाही, त्यासाठी एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) लागते. आधी ओटीपोटाच्या हाडांचा एखादा फ्रॅक्चर घ्या, मग कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून द्यायचं औषध) देऊन काढलेल्या सीटीतली किडनी. दोन-तीन महिन्यांत हात बसला की यकृताकडे वळा.