महागाईचा आकडा आपल्या घरचा काढा

बातम्यांत महागाई समजा 6 टक्के सांगितली, म्हणून तुमचा घरखर्चही 6 टक्क्यांनीच वाढेल असं धरून चालू नका. तो आकडा सरासरी कुटुंबाच्या खरेदीवरून काढतात. तुमचा जास्त पैसा भाडं, फी आणि औषधांवर जात असेल, तर तुमची महागाई वेगळीच निघेल. गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या एकाच महिन्याचा खर्च शेजारी शेजारी लिहून बघा. बिलं नसतील तर बँकेचं स्टेटमेंट पुरे.

नुसती किंमत बघू नका, पाकिटावरचं वजनही वाचा. भाव तोच ठेवून 500 ग्रॅमचं पाकीट 450 ग्रॅमचं केलं, की माल 11 टक्क्यांनी महागला. आणि हे कोणी ओरडून सांगत नाही!

आता बचत. 72 ला महागाईच्या दराने भागा: 6 टक्के असेल तर साधारण 12 वर्षांत भाव दुप्पट. ठेवीवर कर जाऊन 5 टक्के हाती येत असतील, तर शिल्लक फुगलेली दिसते, पण तिच्यात माल कमी येतो. तरीही अडीअडचणीसाठी तीन ते सहा महिन्यांचा खर्च ठेवीतच असू द्या. तिथे परताव्यापेक्षा पैसे लगेच हाती येणं महत्त्वाचं.

कर्जांत क्रेडिट कार्डची थकबाकी आधी संपवा, मग बदलत्या व्याजाचं कर्ज. स्थिर, कमी व्याजाचं जुनं कर्ज फेडायची मात्र घाई नको; पगार वाढला तरी हप्ता तोच राहतो. काटकसर करताना आरोग्यविम्याला हात लावू नका. न वापरलेली सबस्क्रिप्शनं आजच बंद करा.