प्रोजेक्टाइल मोशन (फेकलेल्या वस्तूची गती): सूत्र पाठ आहे, तरी उत्तर का चुकतं?

प्रश्न असा आहे: १५ मीटर उंच गच्चीवरून २० मी/से वेगाने, आडव्या रेषेच्या वर ३०° कोनात फेकलेला चेंडू जमिनीवर किती लांब पडेल? तुमचं उत्तर ३४.६ मीटर, पुस्तकातलं ५२.

पुस्तक बरोबर आहे. पल्ल्याचं तुम्ही वापरलेलं सूत्र (वेगाचा वर्ग × साइन २थीटा ÷ जी; थीटा म्हणजे फेकण्याचा कोन, जी म्हणजे गुरुत्वत्वरण, इथे १० मी/से² धरलेलं) चेंडू सुटला त्याच पातळीवर पडत असेल तरच लागू होतं. इथे तो गच्चीच्या पातळीला परत आल्यावर आणखी १५ मीटर खाली जातो आणि तेवढा वेळ पुढेही सरकतो.

ते सूत्र बाजूला ठेवा आणि कागदावर दोन रकाने आखा. आडव्या रकान्यात २० × कॉस ३०° = १७.३ मी/से. हवेचा विरोध धरला नाही, तर हा वेग शेवटपर्यंत बदलत नाही. उभ्या रकान्यात २० × साइन ३०° = १० मी/से, वरची दिशा धन, त्वरण −१० मी/से². दोन्ही रकान्यांत सामाईक असतो फक्त वेळ. त्याला 'ट' म्हणू.

जमीन सुरुवातीच्या जागेच्या खाली, म्हणून उभं विस्थापन −१५ (विस्थापन = सुरुवातीचा वेग × ट + ½ × त्वरण × ट²):

−१५ = १०ट − ५ट²
ट² − २ट − ३ = ०

ट = ३ किंवा −१. आपल्याला ३ सेकंद हे उत्तर हवं. (−१ अगदीच निरर्थक नाही. हाच मार्ग मागे वाढवला तर चेंडू १ सेकंद आधी जमिनीवर असता.) आता आडवं अंतर: १७.३ × ३ = ५१.९, म्हणजे सुमारे ५२ मीटर.

चिन्हाची चूक इथे लगेच पकडता येते. −१५ च्या जागी +१५ लिहिलंत तर वर्गमुळाखाली ऋण संख्या येते, कारण हा चेंडू गच्चीच्या वर जेमतेम ५ मीटर चढतो; १५ मीटर वर तो पोचतच नाही. आणि साइन ३०° चं उत्तर −०.९८८ दिसलं तर कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे.

सर्वोच्च बिंदूला वेग शून्य धरणं ही तर नेहमीची चूक. शून्य होतो तो फक्त उभा घटक, तिथेही १७.३ मी/से आडवा वेग असतो आणि त्वरण १० च, खालच्या दिशेने.

४५° ला पल्ला सर्वाधिक, हेही समान पातळीपुरतंच खरं. याच गच्चीवरून याच वेगाने सर्वांत लांब फेकायचं तर कोन सुमारे ३७° लागेल.