आधी नून रिपोर्ट सरळ करा, डॅशबोर्ड नंतर

तुझा प्रश्न नीट वाचला. थोडक्यात असा की तू मुंबईत एका बल्क कॅरियरवाल्या (कोळसा, धान्य असा सुटा माल नेणाऱ्या) कंपनीत ऑपरेशन्सला आहेस, आठ जहाजं आहेत, सगळी मध्यम आकाराची, सुप्रामॅक्स-पॅनामॅक्स, मॅनेजमेंटने तुला डिजिटलायझेशनवर नोट बनवायला सांगितलीय, तीन-चार सॉफ्टवेअरवाले येऊन रंगीत स्क्रीन दाखवून गेलेत आणि प्रत्येक जण म्हणतोय आमचं घ्या, तेल वाचेल, कार्बन कमी होईल. आणि तुला विचारायचंय की खरंच वाचतं का, आणि सुरुवात कुठून करायची.

वाचतं. चांगलंच वाचतं. पण स्क्रीनवर आकडा दिसला म्हणून वाचत नाही, त्या आकड्यावरून कोणीतरी वेग कमी केला, हल, म्हणजे जहाजाचं पाण्याखालचं अंग, साफ करून घेतला, रूट बदलला तर वाचतं, आणि हे ठरवायचा अधिकार बऱ्याचदा आकडा बघणाऱ्याकडे नसतोच. तुझी नोट या एका मुद्द्याभोवती लिही असं मी सांगेन. मी बरीच वर्षं चीफ इंजिनियर म्हणून जहाजावर काढली, आता किनाऱ्यावर टेक्निकलला फ्लीट परफॉर्मन्सच बघतो, त्यामुळे आकडा लिहिणारा आणि वाचणारा दोन्ही बाजू बघितल्यात.

सुरुवात नून रिपोर्टपासून कर. रोज दुपारी बाराला जहाजावरून येतो तो, अंतर, वेग, आरपीएम, स्लिप (प्रोपेलरच्या हिशोबापेक्षा जहाज किती कमी गेलं), वारा, समुद्र, मेन इंजिनने किती जाळलं, जनरेटरने किती, आरओबी (टाकीत शिल्लक तेल) किती. तुझ्याकडे आलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरचा पाया शेवटी हाच रिपोर्ट आहे, आणि हा रिपोर्ट किती खरा असतो हे ऑफिसात कोणी उघड बोलत नाही. एक काम कर, एका जहाजाचे महिनाभराचे रिपोर्ट काढून ओळीने लाव. हवा बोफोर्ट (वाऱ्याच्या जोराचं माप) ३ असो की ७, जहाज भरलेलं असो की रिकामं, बॅलास्टमध्ये, तेल रोज २८.० टन दिसलं तर समज की तो आकडा मोजलेला नाही, चार्टर पार्टीत, म्हणजे जहाजाच्या भाडेकरारात, जो लिहिलाय तोच उतरवलाय.

दुसरं म्हणजे पॉकेट. बऱ्याच जहाजांवर कागदावरच्या आरओबीपेक्षा टाकीत तेल थोडं जास्त असतं, त्याला आम्ही पॉकेट म्हणतो. ही लबाडी म्हणून बघू नकोस, त्यामागे कारण असतं. बंकर (जहाजाचं इंधन) घेताना काही बार्जवाले तेलात हवा मारतात, फेस होतो, साउंडिंग टेप टाकलं की लेव्हल बरोबर दिसते, आणि रात्री फेस बसल्यावर कळतं की पावतीवर ५०० टन आहे आणि टाकीत तेवढं नाही. चीफने प्रोटेस्ट लेटर दिलं तरी ऑफिस म्हणणार सही का केलीस. मग तो खड्डा भरायला माणूस रोज जाळलेलं तेल अर्धा टन इकडेतिकडे जास्त लिहून तेवढं हातात ठेवतो. हे असं चालू असताना त्यावर कितीही हुशार अल्गोरिदम लाव, तो चीफच्या काळजीचं विश्लेषण करणार, इंजिनचं नाही.

म्हणून पहिला खर्च मीटरवर कर. मेन इंजिन आणि जनरेटरच्या लाईनवर मास फ्लो मीटर (तेल थेट वजनाने मोजणारं), शाफ्टवर टॉर्क मीटर (इंजिनची पॉवर मोजणारं), आणि दोन्हींचं रीडिंग माणसाने न लिहिता आपोआप नोंदलं जाईल अशी सोय. बंकर शक्य तिथे मास फ्लो मीटरवाल्या बार्जवरून घ्या, सिंगापूरने २०१७ पासून ते सक्तीचंच केलंय आणि एप्रिल २०२५ पासून तिथली बंकरची पावतीसुद्धा डिजिटल झालीय. आणि मीटर बसवायच्या आधी प्रत्येक चीफला एकदाच, कुठलीही चौकशी न करता, खरा आरओबी कळवायची मुभा द्या. हे मॅनेजमेंटकडून लेखी घे, तोंडी आश्वासनावर कुठलाही चीफ विश्वास ठेवणार नाही आणि ठेवूही नये.

आता मुख्य गोष्ट, जिथे खरंच टनाने तेल वाचतं, ती म्हणजे वेग आणि पोचायची वेळ. जहाजाचा वेग आणि त्याला लागणारी पॉवर यांचं नातं साधारण घनाचं असतं, म्हणजे वेग थोडा वाढवला तरी तेल भसाभस वाढतं. हिशोबच करू. ४,००० सागरी मैलांचा प्रवास, १३ नॉट्सला (तासाला १३ सागरी मैल) रोज ३० टन. पावणेतेरा दिवसांच्या आसपास पोचतं आणि मेन इंजिनचं तेल साधारण ३८५ टन. तेच ११.५ नॉट्सने गेलं तर रोजचं तेल २१ टनांच्या खाली येतं, प्रवास साडेचौदा दिवसांचा होतो, आणि एकूण तेल ३०० टनांच्या आसपास. म्हणजे पावणेदोन दिवस उशिरा पोचायच्या बदल्यात ८० टनांहून जास्त वाचले. एक टन हेवी फ्युएल जळलं की ३.११४ टन कार्बन डायऑक्साईड होतो असं आयएमओचं (संयुक्त राष्ट्रांच्या सागरी संघटनेचं) गणित आहे, म्हणजे या एका फेरीत २५० टनांच्या वर कार्बन कमी. (इंजिनला विचारल्याशिवाय वेग उतरवू नका हेही लिही, लोड फार खाली गेला की ऑक्झिलरी ब्लोअर चालू राहतात, इकॉनॉमायझरमध्ये काजळी साचते, तेव्हा खालची मर्यादा चीफला ठरवू दे.)

आणि तो पावणेदोन दिवसांचा उशीर खरोखर उशीर असतो का? तुझ्या जहाजांची मागच्या वर्षीची अँकरेजची वेळ काढ. कोळसा घेऊन जहाज धावत येतं, बंदराबाहेर नांगर टाकतं आणि बर्थची वाट बघत आठवडा पडून राहतं, हे सगळ्यांनी बघितलंय. बर्थ कधी मिळणार हे आज बऱ्यापैकी आधी कळू शकतं, एआयएसवर (जहाजं कुठे आहेत ते दाखवणारी यंत्रणा) किती जहाजं रांगेत उभी आहेत ते दिसतं, एजंटकडून बर्थिंगचा प्लॅन येतो, आपल्याकडे नॅशनल लॉजिस्टिक्स पोर्टलचं मरीन पोर्टल २०२३ पासून चालू आहे. हे सगळं जोडून पोचायची खरी वेळ काढणं हे डिजिटलचं सगळ्यात कमाईचं काम. आयएमओच्या प्रकल्पातून २०२२ मध्ये कंटेनर जहाजांवर अभ्यास झाला होता, पूर्ण प्रवासभर वेळेच्या हिशोबाने वेग ठेवला तर सरासरी १४ टक्के तेल वाचतं आणि फक्त शेवटच्या १२ तासांत तसं केलं तरी ४ टक्के. बल्कमध्ये वाट बघणं जास्त, त्यामुळे वाव कमी नाही.

मग हे होत का नाही? कारण व्हॉयेज चार्टरमध्ये, म्हणजे एका फेरीपुरत्या भाडेकरारात, लिहिलेलं असतं की जहाज शक्य तितक्या लवकर गेलं पाहिजे, आणि लेटाईमचं (माल चढवा-उतरवायला ठरलेल्या वेळेचं) घड्याळ चालू होतं ते पोचून एनओआर, म्हणजे जहाज तयार असल्याची नोटीस, दिल्यावर. हळू गेलं तर रांगेतला नंबर जातो, डेमरेज (ठरल्यापेक्षा जास्त थांबावं लागल्याची भरपाई) जातं, वर करार मोडल्याचा दावा लागायची भीती. कॅप्टनला सगळं कळत असतं तरी तो धावतोच, त्याच्या जागी मीही धावलो असतो. यावर तोडगा कागदावर आहे. बिमको या जहाज व्यवसायाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने व्हर्च्युअल अरायव्हल आणि जस्ट इन टाईमची तयार कलमं काढून ठेवलीत, दोन्ही पार्टींनी आधी ठरवायचं की या वेळेला पोचायचं, आधीच्या वेगाने आलं असतं तर जी वेळ झाली असती तिथून घड्याळ धरायचं आणि वाचलेलं तेल वाटून घ्यायचं. पण ती 'आधीच्या वेगाने आलं असतं तर' वेळ दोघांना मान्य व्हायला मोजलेला, तिसऱ्याने तपासता येईल असा डेटा लागतो, आणि म्हणून मी मीटरपासून सुरुवात करायला सांगितली.

हलचं पण तसंच. तुझी जहाजं गरम पाण्यात अँकरेजला पडून राहणार, मग शेवाळ आणि नंतर बार्नेकल्स येणारच. नुसता अर्धा मिलिमीटर बुळबुळीत थर अर्ध्या हलवर असला तरी उत्सर्जन जहाजाप्रमाणे २५-३० टक्क्यांपर्यंत वाढू शकतं असं आयएमओच्याच अहवालात आलंय. हे रोजच्या रिपोर्टमधून कळत नाही, हळूहळू चढतं. टॉर्क मीटर असेल तर त्याच ड्राफ्टला (जहाज पाण्यात किती खोल बसलंय), त्याच वेगाला, बोफोर्ट ४ च्या आतल्या दिवसांत पॉवर किती लागते ते महिन्यामहिन्याने लावून बघायचं, रेघ वर जायला लागली की डायव्हर बोलवायचा. यासाठी आयएसओ १९०३० हे मानक आहे, सॉफ्टवेअरवाल्याला विचार की तुमची पद्धत त्याच्याशी कुठे जुळते आणि कुठे नाही. आणि स्पीड लॉगचं कॅलिब्रेशन विसरू नका, पाण्यातला वेगच चुकीचा आला तर चांगल्या हलला घाण ठरवाल. प्रोपेलर पॉलिशिंगला मात्र एवढा विचार करायची गरज नाही, स्वस्त काम आहे, संधी मिळाली की करून टाकायचं.

इथे परत पैसे कोणाचे हा प्रश्न येतो. टाईम चार्टरवर, म्हणजे जहाज ठराविक मुदतीसाठी भाड्याने दिलेलं असताना, तेल चार्टररचं (भाड्याने घेणाऱ्याचं) आणि हल साफ करायचा खर्च साधारण मालकाचा. मालक म्हणतो वाचणार त्याचं, मी का खर्च करू. तुझ्या आठांपैकी किती जहाजं टाईम चार्टरला दिलेली आहेत ते तू लिहिलेलं नाहीस, ते आधी बघ, कारण त्या जहाजांवर तुमच्या कंपनीला सॉफ्टवेअरचा फायदा थेट तेलातून मिळणारच नाही.

पण दुसरीकडून मिळेल. २०२३ पासून सीआयआय (जहाजाच्या कार्बनचं वार्षिक मोजमाप) लागू झालंय, जहाजाला दरवर्षी ए ते ई अशी श्रेणी मिळते, सलग तीन वर्षं डी किंवा एकदा ई आली तर सुधारणेचा आराखडा द्यावा लागतो. त्यात कार्बनला डेडवेट (जहाज किती वजन नेऊ शकतं) आणि अंतर यांच्या गुणाकाराने भागायचं असा हिशोब असल्यामुळे नांगरावर पडलेलं जहाज जनरेटर जाळत राहतं आणि अंतर शून्य, म्हणजे अँकरेजचा प्रत्येक दिवस श्रेणी खाली ओढतो. हा हिशोब दर आठवड्याला करून, डिसेंबरपर्यंत न थांबता, कोणतं जहाज कुठे घसरतंय हे चार्टरिंगवाल्यांना दाखवणं एवढं एक काम तुमच्या सॉफ्टवेअरने धड केलं तरी बरंच झालं. आणि युरोपला जात असाल तर कार्बनचे रोख पैसेच द्यायचेत, २०२४ च्या उत्सर्जनाच्या ४० टक्क्यांवर, २०२५ च्या ७० टक्क्यांवर आणि २०२६ पासून पूर्ण, बाहेरच्या बंदरातून युरोपात जाताना त्या प्रवासाचं निम्मं धरतात. तिथे व्हेरिफायर प्रत्येक टनाचा पुरावा मागतो, त्यामुळे वर म्हटलेला पॉकेटचा घोळ तिथे परवडणारच नाही.

वेदर रूटिंग तुम्ही घेतच असाल. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरून एडनकडे जाताना तोंडावर येणाऱ्या स्वेलमध्ये सरळ रेषेने जाण्यापेक्षा दक्षिणेकडून लांबचा रस्ता धरणं बऱ्याचदा स्वस्त पडतं, कॅप्टन लोकांना हे आधीपासून माहीत आहे, सॉफ्टवेअर फक्त किती खाली जायचं ते जास्त नेमकं सांगतं. ट्रिमचंही (जहाज पुढे-मागे किती झुकतं ठेवायचं) तेच, फायदा लहान पण फुकटचा.

ब्लॉकचेन आणि सगळ्या धंद्याचा एकच प्लॅटफॉर्म असलं काही कोणी विकायला आलं तर ट्रेडलेन्सची आठवण करून दे. मर्स्क ही कंटेनर जहाजांची कंपनी आणि आयबीएमने २०१८ मध्ये आणलं, तंत्रात खोट नव्हती, पण सगळा धंदा एका स्पर्धकाच्या प्लॅटफॉर्मवर पुरेसा एकत्र आला नाही, आणि २०२३ च्या सुरुवातीला बंद झालं. तुम्हाला आत्ता त्याची गरजही नाही.

सिक्युरिटीवर मात्र एक पूर्ण पान लिही. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हा सायबर हल्ला झाला तेव्हा मर्स्कचे तब्बल ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले, आणि आपल्या न्हावाशेवाला त्यांचं टर्मिनल अडकलं, कंटेनर कुठला कुठे आहे ते सिस्टीमला कळेना. आता लो ऑर्बिट सॅटेलाईटमुळे जहाजावर इंटरनेट धबाधबा येतंय, पोरांना घरी व्हिडिओ कॉल करता येतो ही फार चांगली गोष्ट झाली, पण क्रूचं नेटवर्क आणि इंजिनच्या सिस्टीमचं नेटवर्क वेगळं पाहिजे म्हणजे पाहिजेच. आणि व्हेंडरला जहाजातून डेटा बाहेर नेता येईल, बाहेरून आत काही लिहिता येणार नाही, अशी अट करारात घाल.

शेवटचं आणि माझ्या जवळचं. जहाजावर माणसं कमी आहेत. तोच तेलाचा आकडा चीफ नून रिपोर्टमध्ये लिहितो, मग चार्टररच्या फॉर्ममध्ये, मग वेदर कंपनीला, मग लॉगबुकात, मग महिन्याच्या शेवटी ऑफिसच्या एक्सेलमध्ये. तुमचं नवीन सॉफ्टवेअर म्हणजे आणखी एक फॉर्म असेल तर ते रात्री अकरा वाजता, वॉच संपवून, डोळे मिटत असताना भरलं जाणार. एकदा लिहिलेलं पाचही ठिकाणी आपोआप गेलं पाहिजे. व्हेंडर निवडताना मी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतो, आणि नाही म्हणाला तर पुढचा डेमो बघत नाही.

म्हणून नोटमध्ये आठही जहाजांचा प्रस्ताव टाकू नकोस. दोन घे, एक व्हॉयेजवर चालणारं आणि एक टाईम चार्टरवरचं, दोन्हीवर मीटर बसवा, ड्रायडॉक जवळ असेल तर तेव्हाच, आणि दोन्हीचे चीफ आणि कॅप्टन सुरुवातीच्या मीटिंगपासून कॉलवर असू देत. त्याआधी चालू चार्टर पार्टीमधली स्पीडची आणि एनओआरची कलमं काढून ठेव, नावं-भाडं पुसून इथे टाकलंस तर कुठे काय बदलता येईल ते बघून सांगतो.