आमदारांकडे नेमकं काय मागायचं? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय आहे. सिझेरियन करावं लागलं की बाईला जिल्ह्याला पाठवतात. आमदार त्यांच्या निधीतून काहीतरी द्यायला तयार आहेत. आमच्या बचत गटाने सोनोग्राफी मशीन मागायचं ठरवलंय. योग्य आहे का?

उत्तर : मशीन मागण्याआधी ते चालवणार कोण, हे विचारा. आमदार निधी वर्षाला ५ कोटी रुपये असतो. त्यातून बांधकाम होतं, यंत्रं येतात, रुग्णवाहिका येते. डॉक्टरचा पगार मात्र त्यातून देता येत नाही. सोनोग्राफी करणारा पात्र डॉक्टर नसेल किंवा गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याखाली सोनोग्राफी केंद्राची नोंदणी नसेल, तर ते मशीन सुरू करणंच बेकायदा ठरतं. मग ते खोलीत कुलूपबंद राहतं आणि वॉरंटी तिथेच संपते.

तुमची खरी अडचण सिझेरियनची आहे. त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ हवा, भूलतज्ज्ञ हवा, बाळासाठी बालरोगतज्ज्ञ हवा, चोवीस तास परिचारिका आणि रक्त साठवण्याची सोय हवी. यातलं एक जरी नसलं तरी ‘पुढे न्या’ म्हणतात, आणि बऱ्याचदा नसतो तो भूलतज्ज्ञ. म्हणून मागणी पदांची करा. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असतं, पण ग्रामीण रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली. म्हणजे हा विषय थेट विधानसभेचा आहे. जिल्हा परिषद सदस्याकडे खेटे घालण्यात वेळ घालवू नका.

आधी माहितीच्या अधिकारात रुग्णालयाकडे अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. पदांचे आकडे तीन रकान्यांत मागा : मंजूर, भरलेली आणि आज याच रुग्णालयात प्रत्यक्ष काम करणारी. तिसरा रकाना विसरू नका. कागदावर पद भरलेलं दिसतं आणि डॉक्टर प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे असतो, ही नेहमीची गोष्ट आहे. गेल्या १२ महिन्यांतली बाळंतपणं, सिझेरियन आणि पुढे पाठवलेल्या बायका, हे आकडेही महिन्यागणिक घ्या.

तो कागद घेऊन आमदारांकडे अधिवेशनाच्या बरंच आधी जा. तारांकित प्रश्नाची, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात त्याची, सूचना कित्येक आठवडे आधी द्यावी लागते, त्यामुळे अधिवेशन सुरू झाल्यावर गेलात तर पुढच्या अधिवेशनापर्यंत थांबावं लागतं. प्रश्नाचा मसुदा तुम्हीच करून द्या. ‘रुग्णालयाची दुरवस्था झाली आहे, हे खरे आहे काय?’ असं विचारलं की ‘हे अंशतः खरे आहे, कार्यवाही सुरू आहे’ असं उत्तर येतं आणि विषय संपतो. त्याऐवजी असं विचारायला लावा : भूलतज्ज्ञाचं पद किती तारखेपासून रिक्त आहे? प्रतिनियुक्ती कुणाच्या आदेशाने झाली? ती कधी रद्द होणार? तारांकित प्रश्नाला सभागृहात उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचं उत्तर फक्त लेखी मिळतं. मंत्र्यांनी तारीख दिली तर ती आश्वासन म्हणून नोंदली गेली का, हे आमदारांना विचारत राहा. त्या पाठपुराव्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती आहे.

इतकं करूनही निधीतून काही घ्यायचंच असेल, तर आहे त्या कर्मचाऱ्यांना आजपासून वापरता येईल अशी वस्तू घ्या : बाळाला ऊब देणारं यंत्र, लसींचा फ्रीज, प्रसूती कक्षासाठी इन्व्हर्टर. देखभालीचा खर्च कोण करणार, हेही लेखी घ्या.

प्रश्न : महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी आमदारांचं पत्र लागतं का?

उत्तर : नाही. योजनेशी संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णांना मदत करणारा योजनेचा माणूस, बसतो. रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन थेट त्याच्याकडे जा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, मात्र उपचार योजनेच्या यादीत असायला हवा. भरती होतानाच नोंद करा, कारण आधी पैसे भरून नंतर योजनेत बसवणं फार जड जातं.

धर्मादाय रुग्णालयाचा रस्ता वेगळा आहे. तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखीव असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. खाट नाकारली तर तक्रार धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे करा. आमदारांचा फोन तिथे मदत करतो, पण हक्क तुमचाच आहे.

प्रश्न : मुलीने दुसऱ्या जातीत लग्न केलं म्हणून आमच्या घराला वाळीत टाकलंय. पोलीस ‘आपसात मिटवा’ म्हणतात. आमदार यात काय करू शकतात?

उत्तर : तुमच्यावर होतंय तो गुन्हा आहे. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा, आणि तो जुलै २०१७ पासून लागू आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तक्रारीत या कायद्याचं नाव लिहा. बैठक कुठे झाली, कोण हजर होतं, दंड मागितला का, दुकान, पाणी, लग्न, मयत यांपैकी काय बंद केलं, हे तारखांसह मांडा. संदेश आणि ध्वनिमुद्रण असेल तर जपून ठेवा. ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवा. त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही जाता येतं.

पोलिसांच्या टाळाटाळीविरुद्ध राज्य मानवी हक्क आयोगाकडे जाता येतं. शुल्क नाही, वकिलाची सक्ती नाही. मात्र घटनेपासून एक वर्षाच्या आत जा, त्यानंतर आयोग चौकशी करू शकत नाही.

आयोग शिफारस करतो आणि सरकार ती बाजूला ठेवू शकतं. इथे आमदारांचं खरं काम आहे. आयोगाचा वार्षिक अहवाल दोन्ही सभागृहांत मांडावाच लागतो, आणि शिफारस मानली नसेल तर त्याची कारणंही सोबत द्यावी लागतात. तो अहवाल मांडला का आणि कोणत्या शिफारशी फेटाळल्या, एवढं विचारण्याची विनंती आमदारांना लेखी करा आणि तुमच्या प्रतीवर पोच घ्या.