चिप पुसण्याआधी तिची नक्कल मागून घ्या

आपण लिहिले आहे की बायोसचे, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचे, अपडेट चालू असताना वीज गेली, बॅटरी आधीच निकामी असल्याने लॅपटॉप जागीच बंद पडला, आता बटण दाबल्यावर पंखा फिरतो आणि कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकतो, पण पडदा काळाच राहतो. आणि सेवा केंद्राने मदरबोर्ड बदलण्यास सांगितले आहे. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात, अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील आमच्या कचेरीत माझ्यावर हीच वेळ आली होती. मी हिशेबनीस आहे, दुरुस्ती करणारा नव्हे; त्यामुळे पुढचे सारे त्या मर्यादेतच वाचावे. पेन ड्राइव्हवरून बायोस पूर्ववत करण्याचा प्रयत्न आपण केलाच असेल असे धरून चालतो.

अशा वेळी बोर्ड बहुधा जळलेला नसतो. बायोस ज्या आठ पायांच्या, तुरीच्या दाण्याएवढ्या चिपमध्ये असतो, तिच्यातला मजकूर अर्धवट लिहिला गेलेला असतो आणि प्रोग्रामर नावाचे चिप वाचण्या-लिहिण्याचे उपकरण जोडून तो पुन्हा लिहिता येतो. मी गेलो त्या सेवा केंद्रात चिपचे काम होतच नव्हते. तपासणीचे पैसे घेऊन त्यांनी पावतीवर ‘बोर्ड नादुरुस्त’ एवढेच लिहिले. काय तपासले, हे विचारल्यावर काउंटरवरच्या मुलाने तीच पावती माझ्याकडे फिरवून दाखवली.

पण मला सर्वांत महाग पडली ती माझीच घाई. जीएसटीचे विवरण भरायचे होते, म्हणून शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याला ‘आजच्या आज द्या’ असे मीच बजावले. त्याने चिपमधला जुना मजकूर वाचून न ठेवता ती सरळ पुसली आणि त्याच मॉडेलची, कुणाच्या तरी लॅपटॉपमधून काढलेली फाइल तिच्यात भरली. लॅपटॉप सुरू झाला, मी आनंदाने पैसे दिले, आणि घरी आल्यावर तो बरोबर अर्ध्या तासाने बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा अर्धा तास. इंटेलच्या यंत्रांत त्या चिपमध्ये मॅनेजमेंट इंजिन नावाचा एक भाग असतो. तो बिघडलेला असला की यंत्र असे ठरावीक वेळाने बंद पडते, हे मला नंतर कळले. लॅपटॉपचा अनुक्रमांक आणि विंडोजची मूळ किल्लीही त्याच चिपमध्ये होती. ती गेली, आणि विंडोज मला पुन्हा विकत घ्यावे लागले.

त्यात डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डेटा कुलूपबंद ठेवणारे संरक्षण, लागलेले निघाले. पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी किल्ली मागितली गेली आणि आमचा टॅलीचा सगळा डेटा आत अडकला. लॅपटॉप घेतला तेव्हा मायक्रोसॉफ्टचे खाते भाच्याने स्वतःच्या ईमेलवर उघडले होते. त्याला फोन करून एकेक अंक लिहून घेतला, तेव्हा सुटका झाली. आपली किल्ली कुणाच्या खात्यात आहे, ते आजच पाहून घ्या. बोर्ड बदलला तरीही ती मागितली जाण्याची शक्यता असते.

शेवटी हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेलो. तिथल्या कारागिराने कंपनीच्या मूळ फाइलवरून मजकूर नव्याने बांधला आणि लॅपटॉपच्या पाठीवरच्या स्टिकरवरून अनुक्रमांक भरला. त्याने मला सांगितलेली एक गोष्ट आपणही दुरुस्तीवाल्याकडून करून घ्यावी: पुसण्याआधी चिप दोनदा वाचावी, दोन्ही फाइली तंतोतंत जुळतात का ते पाहावे, आणि एक प्रत आपल्या पेन ड्राइव्हवर द्यावी. मजकूर अर्धवट असला तरी अनुक्रमांकासारखी माहिती त्यात बहुधा शाबूत असते. काही चिपा १.८ व्होल्टच्या असतात. त्यांना साध्या प्रोग्रामरचा ३.३ व्होल्टचा दाब दिला तर त्या खराब होऊ शकतात, म्हणून ‘चिप किती व्होल्टची आहे?’ एवढे जरूर विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर मी तरी लॅपटॉप तिथे ठेवणार नाही.

बोर्ड बदलायचेच ठरले, तर डिस्क आधी काढून घ्या आणि जुना बोर्ड परत मिळेल असे पावतीवर लिहून घ्या. मात्र वॉरंटी शिल्लक असेल तर यातले काहीच करू नका, झाकणाचा स्क्रूही सैल करू नका. बिघाड अपडेटच्या वेळी झाला, हे लेखी कळवून लॅपटॉप त्यांच्याच हवाली करा.